उंबरठ्यावर फिरणारा कंपास

तांडापेठेतल्या मारोतरावांच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. आठ महिन्यांपूर्वी मौद्याच्या रस्त्यावर अपघातात गेलेला त्यांचा मुलगा अंकुश घरी परत येतो आणि मोबाइलमधल्या दिशा दाखवणाऱ्या कंपासवर ते कळतं, ही बातमी गल्लीभर झाली होती. देवळात आरतीलासुद्धा एवढी माणसं जमत नाहीत.

मधोमध लहानू महाराज. कपाळाला भस्म, खिशात पॉवर बँक, बोटात जांभळाएवढ्या काळ्या खड्याची अंगठी आणि तोंड अखंड चालू. "मोबाइल तुमचा, कंपास तुमचा. मी मधात आहो का कुठं? अरे, माणसाले घूस देता येते, सॅटेलाइटले देता येते का?" कंपासचा आणि सॅटेलाइटचा काय संबंध, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शेजारच्या रुपरावांनी आपला फोन पुढे केला. अंगणात काटा सरळ उत्तरेला, कामठी रोडच्या दिशेने. मग महाराजांनी फोन अंकुशच्या खोलीच्या उंबरठ्यावर नेला, त्यावर उजवा हात धरला, काहीतरी पुटपुटले आणि हात बाजूला केला. काटा गर्रकन फिरून खोलीतल्या पलंगाकडे वळला होता आणि तिथेच खिळून राहिला होता.

"अरे बापा!" रुपराव मागे सरकले.

"थांब गा, तसाच नेला त तुह्या फोनमंधी शिरन!" महाराजांनी फोन उचलला, हवेत तीनदा मोठा आठचा आकडा काढला आणि काटा गुमान उत्तरेला गेला. याला ते उतारा म्हणत. पाच जणांचे फोन झाले आणि पाचही वेळा हेच घडलं.

दाराआड दोन वर्षांच्या पायलला कडेवर घेऊन अंकुशची बायको हर्षा उभी होती.  महाराजांनी निकाल दिला तो तिच्याकडे पाहूनच. "पोराचा जीव बायकोत अटकला आहे. हे बाई या छताखाली आहे तवर तो सुटत नाही. येत्या रविवारी तिले माहेरी पाठवा. लेकरू मात्र इथंच ठेवा, लेकरू घरचं रक्त आहे."

मारोतरावांनी मान खाली घातली. वच्छलाबाई, हर्षाची सासू, तोंडाला पदर लावून रडत होत्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी काटोलला हर्षाच्या भावाला, मुकुंदला, फोन गेला.

खरं सांगायचं तर हर्षाचाही विश्वास बसला होता. ज्या माणसाचा शर्ट अजून खुंटीवर आहे, तो येत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? पंखा कुरकुरला, पायल झोपेत हसली, की ती दचकून पलंगाकडे पाही. रिकाम्या पलंगावर आपली बाजू सोडून त्याचीच बाजू ती रोज झाडू लागली. भीती वाटे, आणि ही भीती संपू नये असंही वाटे. आठ महिन्यांत तिला पहिल्यांदा सोबत मिळाली होती, आणि त्या सोबतीपायी पोर हातची जाणार होती.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना तिने अंकुशचा फोन काढला. तो ती रोज चार्ज करी आणि कुणाच्या हाती देत नसे. रविवारी महाराजांनी मागितला तेव्हाही दिला नव्हता. कंपास उघडून ती उंबरठ्यावर उभी राहिली. काटा उत्तरेला. आत जाऊन फोन त्याच्या उशीवर ठेवला. तरी उत्तरेलाच.

"या न," ती हळूच म्हणाली. "मी एकटीच आहो. एकदा हलवा न."

काटा हलला नाही. मग मात्र ती उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. तो नव्हता, कुठेच नव्हता.

डोळे पुसून ती फोन कपाटात ठेवायला गेली आणि काटा थरथरत वळला.  ती मागे सरली, तर पुन्हा उत्तरेला. पुढे झाली, तर पुन्हा वळला. कपाट लोखंडी होतं. तिने फोन शिलाई मशीनजवळ नेला, तिथेही तेच. नवरा कपाटात आणि मशीनमध्ये एकदमच कसा असेल? एवढ्यात पडद्यावर सूचना आली, कंपास कॅलिब्रेट करा, म्हणजे पुन्हा ठिकाणावर आणा. खाली चित्रातला एक हात फोन फिरवून दाखवत होता, आठच्या आकड्यात. महाराजांचा उतारा, जसाच्या तसा!

हर्षाला रविवार आठवला. ज्या-ज्या फोनवर महाराजांचा हात गेला तेवढेच बिघडले होते. तो हात आणि ती काळी अंगठी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी पुन्हा गर्दी झाली. मुकुंद येऊन बसला होता, हर्षाची बॅग दारात होती. महाराज खोलीकडे निघाले, तशी हर्षा एक ताट घेऊन पुढे आली. ताटात सुया होत्या, ती साड्यांना फॉल लावायची त्या.

"जातांनी एक मागणं आहे, महाराज. सुईवरच माहं पोट आहे. यावर उजवा हात ठेवा."

"हे कायले वं?" महाराज कचरले. पण एवढ्या डोळ्यांसमोर आशीर्वाद नाकारायचा कसा? त्यांनी हात अधांतरी धरला. खालून सुया टपाटप उडून खड्याला चिकटल्या आणि हात मागे घेतला तर अंगठीला दाढी फुटलेली!

कुणीतरी फिसकन हसलं. हर्षाने अंगठीकडे बोट दाखवलं. "खड्यात चुंबक आहे. चुंबक जवळ आणला की कंपास बिघडते, हात काढला तरी बिघडलेलाच राहते. आठच्या आकड्यात फिरवला की ठिकाणावर येते. उतारा नाही तो, फोनच सांगते तसं कराले."

रुपरावांनी महाराजांचं मनगट धरलं आणि आपला फोन अंगणातल्या नळापाशी त्या अंगठीखाली धरला. काटा गर्रकन फिरला. "काहून महाराज? आता अंकुश नळावर पाणी भरून राहिला का?" महाराजांना एकाएकी दुसऱ्या भक्ताचं काम आठवलं. सुया तशाच बोटाला घेऊन ते गल्लीबाहेर पडले.

असा कुणी तुमच्या दारी आला तर फार शिकलेलं असायची गरज नाही. हर्षा बारावीही पास नव्हती. जो चमत्कार दाखवतो त्याला बाजूला करा, आणि तोच प्रयोग आपल्या हाताने करून पाहा. दुःखात असाल तर दोनदा करून पाहा.

गर्दी पांगली. वच्छलाबाई उंबरठ्यावर बसून होत्या.

"मंग माहा पोरगा इथं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही आई."

"तू कायले पाहाले गेली वं? होता त राहू दिला असता."

 हर्षा सासूजवळ खाली बसली आणि दोघीही मोकळ्या गळ्याने रडल्या, अंत्ययात्रेच्या दिवशीही रडल्या नव्हत्या अशा. पायल दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने वच्छलाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि बाहेर ताटकळलेल्या मुकुंदला हाक मारली.

"जेवून जा बाबू. हर्षा येत नाही. हे घर तिचंच आहे."