पपनसाच्या बागेचं गिऱ्हाईक

खिएम मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण स्वतःच्या नावावर मातीचं ढेकूळही कधी घेतलं नाही. त्यामुळे जावयाने उसनं घड्याळ आणि काळा चष्मा चढवून त्यांना श्रीमंत गिऱ्हाईक बनवलं, तेव्हा त्यांना आपण चोरीच्या घोड्यावर बसलोय असं वाटत होतं.

"बाबा, पुन्हा ऐका," जावई क्वांग म्हणाला. तो जमिनीचा दलाल. बेन चे प्रांतात दलालांना बगळे म्हणतात, आणि क्वांगची मानही तशीच लांब. "एकजण जमीन हुडकतो. एकजण इसार देऊन ती अडवून ठेवतो. एकजण गलका करतो. आणि एकजण विकत घेतो. हुडकणारा, अडवणारा मी. तुम्ही गलका."

"मला गलका जमत नाही रे. वर्गातसुद्धा पोरंच करायची."

"नुसता भाव चढवत जा. बाकीचे पैसे दुपारपर्यंत भरायचेत. तोवर खरं गिऱ्हाईक सापडलं नाही, तर इसार बुडाला."

इसार म्हणजे न्हुंगच्या लग्नातल्या सोन्याच्या बांगड्या. न्हुंग मास्तरांची एकुलती लेक, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

क्वांगने इसार दिलेल्या साऊबाईंच्या पपनसाच्या बागेत गिऱ्हाइकांची जत्रा भरली होती. नदीवर पूल होणार अशी आवई उठल्यापासून रोजच भरायची. मास्तरांनी भीतभीत हात वर केला. शेजारच्या, गळ्यात साखळदंडाएवढी चेन घातलेल्या गृहस्थाने लगेच चढा भाव दिला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"घ्या, घ्या. बाग चांगली आहे," ते पुटपुटले.

"मला काय करायचीय बाग?" तो कुजबुजला. "मी डुकराचं मटण विकतो. एका बगळ्याने आणलंय, जेवणाच्या बोलीवर. तुम्हीच घ्या की!"

"मीही... जेवणावरच आलोय."

दोघांनी हळूच चौकशी केली. उंच टाचांच्या बाई केस कापायचं दुकान चालवत होत्या. छत्रीवाले तिघे दुसऱ्या एका बगळ्याचे मेहुणे निघाले. सगळा गलकाच. घेणारा आलाच नव्हता.

मास्तर क्वांगला गाठणार, तोच साऊबाई घरातून बाहेर आल्या. विड्याने तोंड लाल, एका हातात त्या बांगड्या, दुसऱ्यात स्वतःच्या गळ्यातली माळ.

"क्वांग, आपला सौदा मोडला. हे तुझं सोनं, आणि शब्द मी फिरवला म्हणून रिवाजाप्रमाणे वर तेवढंच माझं. बाग मी त्या साखळीवाल्याला देते. भाव बघ कुठे गेलाय!"

क्वांगची मान आणखी लांब झाली. हातही पुढे आला.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे लेकीचं रिकामं मनगट होतं. मग त्यांना बाईंचा रिकामा गळा दिसला. ते खाकरले. सकाळपासूनचा त्यांचा सगळ्यात मोठा आवाज तोच.

"बाई, इथे कुणी घेणारा नाही. सगळी भाड्याची माणसं आहेत. मीसुद्धा. मी तर साधा शाळामास्तर."

साऊबाईंनी माळ परत गळ्यात घातली. जरा विचार करून बांगड्याही हातात चढवल्या.

"मग सौदा मोडत नाही, क्वांग. दुपारपर्यंत बाकीचे पैसे आण."

"अहो, पण आत्ता तर तुम्ही—"

"आत्ता मी मूर्ख होते. मास्तरांनी शहाणं केलं. घ्या मास्तर, एक पपनस न्या घरी."

दुपार टळली, बांगड्या बाईंच्याच हातात राहिल्या. परतीच्या वाटेवर क्वांग स्कूटर ढकलत होता, मास्तर पपनस पोटाशी धरून मागे.

"एवढी कामं समजावलीस," मास्तर म्हणाले, "बुडतो कोण, तेवढं सांगायचं राहिलं."

"ते जाऊ द्या. न्हुंगला कोण सांगणार?"

घर दिसू लागलं होतं. मास्तरांनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दार तू वाजव. गलका ती करेल."