काटा तांबड्यात होता

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये भुपेंद्रचं कॉफीचं मशीन आलं, तेव्हापासून शेजारपाजारचे त्याला थोडे हसायचे आणि थोडे मानायचेही. फॅक्टरीतून आला की तो मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि येईल त्याला सांगायचा, "नऊ बार! नऊ बारचा दाब पाहिजे, तेव्हाच खरी कॉफी." बार म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मात्र विषय बदलायचा.

मशीन खरं ओळखलं होतं मोनाने, त्याच्या बायकोने. दुपारी पोरांच्या शिकवण्या आटोपल्या की ती एकटीच त्याच्याशी खटपट करायची. दिवा लागला म्हणजे मशीन तापलं असं नसतं, पावडर भरायच्या मुठीचं जड लोखंडही तापायला हवं, नाहीतर कॉफी आंबट उतरते, हे तिनं चाखून चाखून शोधलं. दुधाला वाफ द्यायची तर आतलं पाणी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त तापवावं लागतं. म्हणून वाफ झाली की आधी कपभर पाणी सोडून मशीन थंड करायचं, मगच कॉफी. हे ती भुपेंद्रला सांगायची. तो हूं म्हणायचा.

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आला होता. त्याआधी एकदा लेकीला बघून यावं म्हणून आंबागडहून सासरे यादोराव आणि सासू ललिताबाई आले. भुपेंद्रला वाटलं, आज दाखवूच.

"मामीजी, इकडं या. जवळून पाहा."

ललिताबाई पदर सावरत ओट्यापाशी आल्या. यादोराव बाहेरच्या खोलीतच बसले होते, शेजारचा खुशाल मात्र दारात उभा राहिला. भुपेंद्रने आधी दुधाला वाफ दिली. फुर्र आवाज झाला, फेस वर आला, ललिताबाई लहान पोरीसारख्या हसल्या. त्या हसण्याने तो फुगला.

"मोना, पावडर दळ. एकदम बारीक."

"एवढी बारीक नोको जी. पाणी पार नाही होणार."

"दळ म्हणलं ना!"

तिनं दळली. त्यानं मुठीत गच्च दाबून भरली, मूठ मशीनला आवळली.

"थोडं पाणी सोडा आधी," मोना हळूच म्हणाली, "वाफेचं गरम आहे आतमंदी."

सासूसमोर बायको शिकवते, हे त्याला लागलं. त्यानं ऐकलं नाही असं केलं आणि बटन दाबलं. पंप घरघरला. दाबाचा काटा नऊवर आला, नऊच्या पुढं गेला, तांबड्या पट्ट्यात शिरला. कपात एक थेंब नाही. सगळे कपाकडे बघत होते. भुपेंद्रनं बटन बंद केलं.

"थांबा! दाब आहे अजून—"

"चूप बस तू," म्हणत त्यानं मूठ फिरवली.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. उकळता काळा गाळ भिंतीवर, ओट्यावर आणि ललिताबाईंच्या उजव्या मनगटावर उडाला. "अगं माय व!" एवढंच त्या ओरडल्या. मोनानं त्यांचा हात धरून नळाखाली नेला.

"काय झालं बावा?" खुशाल धावत आत आला.

आणि भुपेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "मोनानं पावडर जास्तच बारीक दळून टाकली ना!"

नळाचं पाणी वाहत होतं. मोनानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग आवाज ऐकून दारात आलेल्या बापाकडे. आईचा हात तिनं पाण्याखालून हलू दिला नाही. यादोरावांनी लेकीला म्हटलं, "पाहून करत जा बाई," आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "होते जवाई. मनाला नोका लावून घेऊ." तो हात त्याला मशीनपेक्षा जास्त तापलेला वाटला.

दवाखान्यात पट्टी झाली. जखम वाळेपर्यंत हात चिखलात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे यंदा ललिताबाईंचा रोवणा गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे परत गेले. मोना शिकवणीच्या पोरांत होती. भुपेंद्रनं दार लोटून पुन्हा तशीच बारीक पावडर भरली. काटा तांबड्यात गेला. बटन बंद केलं, हात मागं घेतला आणि नुसता बघत राहिला. पंप गप्प होता, पण काटा हलला नाही. बऱ्याच वेळानं, कुरकुरत, तो खाली यायला लागला. बटन बंद झालं म्हणजे दाब गेला असं नसतं. मोनानं हेच दोन शब्दांत सांगितलं होतं. काटा त्या दिवशीही त्याच्या डोळ्यांसमोरच होता. पावडर नाही, मोना नाही; आपण. तिला सांगावं म्हणून तो दारापर्यंत गेला, पोरांचा पाढ्यांचा आवाज ऐकला आणि परत फिरला.

रविवारी सासूला बघायला दोघं मोटरसायकलनं आंबागडला गेले. घरी कुणी नव्हतं, सगळे भाताच्या बांधीत होते. बायका चिखलात ओळीनं वाकून पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, लावत होत्या, ललिताबाई कडेच्या धुऱ्यावर पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोनाला बघताच ओळीतून शेजारची शकुबाई म्हणाली, "आली व पोरगी! काहून वो मोना, मायचा हात जाळाले मशीन घेतली का?"

सगळ्या हसल्या. मोनाही ओढूनताणून हसली. ते हसणं भुपेंद्रला बघवेना. त्याचं ते एक वाक्य त्याच्या आधीच गावात येऊन बसलं होतं.

"तिनं नाही केलं," तो म्हणाला. आवाज बारीक निघाला.

"काय म्हणता जवाईबापू?"

"मी केलं!" या वेळी तो ओरडलाच. "ती थांबा म्हणत होती. मीच तिले चूप बस म्हणलं, अन् मीच मूठ खोलली. अन् नाव तिचं सांगतलं."

कुणीतरी हातातली पऱ्ह्यांची पेंडी सोडली, पाण्यात ती चपकन पडली. यादोराव पलीकडच्या धुऱ्यावर पाठमोरे झाले. ललिताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"मले दिसलं होतं ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "मी तं जवळच उभी होती. पोरगी बोलली नाही, मंग मी कायले बोलू?"

भुपेंद्रला वाटलं, चिखलात कमरेपर्यंत रुतावं. त्यानं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, सासूच्या जागी ओळीत उतरला. त्याचे पऱ्हे आडवे पडत होते, शकुबाई मुकाट्यानं मागून ते सरळ करत होती. आता कुणी हसत नव्हतं, आणि तेच जास्त जड जात होतं.

परतताना वाटेतली मोहाडी मागं पडली. मग त्यानं मान न वळवता विचारलं, "रागात आहेस का अजून?"

"तुमाले सांगून हलकं वाटत असन," मोना मागून म्हणाली. "मले नाही वाटून रायलं अजून. बाबूजींनं मले 'पाहून करत जा' म्हणलं, तेव्हा तुमी बाजूलेच उभे होते."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. आरसा फिरवून त्यात तिचा चेहरा आणला.