सहा नंबरची खोली

"दोन रात्री," माझी बायको सोआझिग फोनवर सांगत होती. "मी आणि माझे यजमान. धक्क्याकडची खोली हवी. सहा नंबरची."

आवाज कसा, तर रविवारी पाद्र्याशी बोलताना काढते तसला. मी समोर बटाटे सोलत बसलो होतो. आमच्या स्वयंपाकघरापासून ते हॉटेल दोनशे पावलांवर आहे. मी इथे शिंकलो तर तिथे कळतं. पलीकडे हॉटेलातली लेना हसत सुटली असणार, कारण बायको एकदम करड्या आवाजात म्हणाली, "चेष्टा नाही करत मी. नाव लिहून घे."

फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बटाट्यांकडे बघितलं आणि म्हणाली, साली जाड काढतोयस.

एकोणतीस वर्षं तिने त्याच हॉटेलातल्या खोल्या आवरल्या. मी बंदराच्या दारावर होतो. आमचं बंदर ओहोटीला कोरडं पडतं, म्हणून आतल्या गोदीला लोखंडी दार आहे. भरती आली की ते उघडायचं, उतरायला लागली की लावायचं, नाहीतर सगळ्या होड्या चिखलात आडव्या होतील. आणि भरती काही माणसांच्या सोयीने येत नाही. ती उठायची तेव्हा मी धक्क्यावर, मी घरी यायचो तेव्हा ती दुसऱ्यांच्या चादरींत. सकाळची कॉफी आम्ही एकत्र कितीदा घेतली असेल, देव जाणे.

आता दोघंही घरी बसलोय. आणि हॉटेल विकलं गेलंय. सप्टेंबर संपला की आत भिंती पाडून फ्लॅट करणार आहेत.

"मग सहा नंबर राहणारच नाही," सोआझिग म्हणाली. "मला तिथे एकदा सकाळच्या भरतीला बसायचंय, फांश. पाहुणी म्हणून. तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, भरती धक्क्यावरच्या बाकावरूनही तीच दिसते. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी असाच आहे. तोंडात आलं की बाहेर पडतं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आमच्या भिंतीवर वर्षानुवर्षं लटकतंय, पण ते मी बघायचो, कामापुरतं. आता ती चष्मा लावून त्याच्यापुढे उभी राहायला लागली. सप्टेंबरच्या मोठ्या उधाणाला पॅरिसची जुनी गिऱ्हाइकं ठाण मांडून असतात, खोली मिळत नाही. पण उधाण ओसरता ओसरता एक गुरुवार मोकळा होता, आणि त्या दिवशी सकाळी नऊला भरती पूर्ण होणार होती. त्या गुरुवारभोवती तिने लाल पेन्सिलीने गोल काढला.

मग अख्खा उन्हाळा ती त्या खोलीतच होती म्हणा ना. शेंगा निवडता निवडता मधेच विचारायची, टेबल खिडकीपाशी ओढून घेऊ या ना? दार उघडल्यावर कुठली फळी करकरते, सातला भिंतीतला नळ कसा गुणगुणतो, ऊन आधी कपाटावर येतं की उशीवर, सगळं तिला पाठ. काय करायचं नाही तेही ठरलेलं होतं. चादर ओढायची नाही, बेसिन पुसायचं नाही, ट्रे खाली नेऊन द्यायचा नाही. ती बोलत राहायची आणि दुपारी माझा डोळा लागला की मीही त्या खोलीत जायचो. जाग आल्यावर आपलं घर मला जरा परकं वाटायचं. हे मी तिला सांगितलं नाही, कशाला सांगू!

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. बारमध्ये एर्वानने विचारलं, काय रे, विमानाने निघणार का? मी म्हटलं, पोहत.

बुधवारी आम्ही निघालो. आपल्या गल्लीतून हॉटेलात शिरायला ती तयार नव्हती. बॅग घेऊन आधी चर्चमागच्या चढावरून बसथांब्यापर्यंत गेलो आणि तिथून पाहुणे येतात तसे खाली उतरलो. आधी नुसत्या डोलकाठ्या दिसतात, मग पाणी. जन्म इथे गेला, पण बंदर असं समोरून आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

लेना टेबलामागून उठून पुढे आली. जराही न हसता म्हणाली, "प्रवास बरा झाला ना, मादाम?"

"थोडा लांबला," सोआझिग म्हणाली.

सकाळी साडेआठला ट्रे आला. पाव, खारट लोणी, जर्दाळूचा मुरंबा, कॉफीचे दोन मोठे वाडगे. सोआझिग ताठ बसली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना, तेव्हा तिने ते मांडीखाली दाबून ठेवले. खाली गोदीचं दार उघडलं आणि होड्या एकामागून एक आत यायला लागल्या. आता सगळं बटणावर चालतं. नव्या पोऱ्याने उशीर केला, असं मी म्हणणार होतो, एवढ्यात ती उठून खिडकीपाशी गेली.

"इथून मी तुला हात करायचे," ती म्हणाली.

"कधी?"

"सकाळची भरती असली की. अभ्रे बदलायच्या आधी. तू त्या पिवळ्या कोटात तिथे उभा असायचास." मग म्हणाली, "तू कधी वर बघितलं नाहीस."

तक्रार नव्हती आवाजात. असती तर बरं झालं असतं, भांडलो असतो. मला फार लाज वाटली. एकोणतीस वर्षं मी दोर बघितले, पाणी बघितलं, दुसऱ्यांच्या होड्यांना ओरखडा येऊ नये म्हणून जीव टाकला. मान तेवढी वर केली नाही.

मी बूट चढवले. ती म्हणाली, कुठे? म्हटलं, आलोच, तू तिथेच थांब.

जिना उतरून धक्क्यावरून दारापाशी गेलो. नवा पोऱ्या काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही. माझ्या जुन्या जागेवर उभा राहिलो आणि वर बघितलं.

सूर्य नुकता बंधाऱ्याच्या वर आला होता आणि ऊन थेट हॉटेलच्या काचांवर पडलं होतं. दुसऱ्या मजल्यावर डावीकडून तिसरी खिडकी, ती सहा नंबरची. तिच्यात नुसतं लखलखतं आभाळ. चेहरा नाही, हात नाही, काही नाही. या वेळेला ती काच रोज अशीच असणार.

मी हात वर केला. खांदा दुखेपर्यंत तसाच धरून ठेवला.

वर आलो तेव्हा ती अजून खिडकीशीच उभी होती.

"दिसले?" तिने विचारलं.

"दिसलीस की," मी म्हणालो. "अगदी स्वच्छ."

ती खुर्चीत येऊन पाठ टेकून बसली, निवलेल्या कॉफीचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश प्यायला लागली.