चवीपुरतं

मिरीची पुडी तिच्या तळहातावर ठेवली तर भोवती जागा उरेल एवढीशीच होती. पारदर्शक, कडेला दातेरी, आणि आत एका जेवणापुरती मोजून भरलेली पूड. तिनं ती फाडली आणि सवयीनं नाकाशी नेली. मिरी नाकाला झोंबली, शिंकही आली, पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा... दाराबाहेर कुणी उभं असावं, दार हलताना दिसावं आणि हाक मात्र ऐकू येऊ नये, तसं काहीतरी.

ओट्यावर खोकं उघडं पडलं होतं, नुकतंच दारात आलेलं. आत भोपळ्याच्या सारख्या चिरलेल्या फोडी, गाजरं, एक कांदा, तेलाची चिमुकली बाटली, मसाल्याची पुडी, मिठाची पुडी. घरात बरणी भरून मीठ असताना मीठ विकत घेणारी बाई जगात मी एकटीच असेन, असं तिला दर वेळी वाटायचं. आणि सगळ्यांत वर कार्ड, कशानंतर काय घालायचं ते चित्रांसकट सांगणारं.

"आलं वाटतं राजेशाही गाठोडं," बूट चढवता चढवता नवरा म्हणाला. "सोलायचं आपण, शिजवायचं आपण, भांडी घासायची आपण. मग हे लोक पैसे घेतात तरी कशाचे?"

"मोजण्याचे," ती म्हणाली.

"मोजण्याचे! तू जन्मात कधी काही मोजलं आहेस का?" तो हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता, कौतुक होतं, आणि म्हणूनच ते थेट आत जाऊन लागलं. "बरं, आज बाबांना डॉक्टरकडे नेतोय दुपारी, लक्षात आहे ना? त्यांच्या त्या जिभेचं काय ते बघू एकदा."

लक्षात होतं. रात्रभर दुसरं काही लक्षात नव्हतं.

ती खोक्यातल्या वस्तू फ्रिजमध्ये ठेवत राहिली. मोजलं नव्हतं हे खरंच. मोजायची वेळच आली नव्हती. मूठ आपोआप थांबायची, चिमूट आपोआप सुटायची, आणि कुणी विचारलं, मीठ किती, तर ती म्हणायची, चवीपुरतं. विचारणारीनं वैतागून म्हणावं, अगं पण चवीपुरतं म्हणजे किती, आणि हिनं नुसतं हसावं. त्या हसण्यात केवढा तोरा होता! लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी तिचा पहिला घास खाऊन चमचा खाली ठेवला होता आणि म्हटलं होतं, "मीठ जागेवर आहे." बस्स, एवढंच. पण नवऱ्यानं नंतर तिला सांगितलं, की हे वाक्य त्यांनी स्वतःच्या आईखेरीज कुणासाठी उच्चारलेलं नाही. सासरे पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरीला होते. उभा जन्म पाणी तपासण्यात गेला. यंत्रं होती, नळ्या होत्या, पण शेवटी ते एक घोट तोंडात धरायचे आणि मगच सही करायचे. पाण्यात क्लोरीन जरा जास्त पडलं असलं तर यंत्राच्या काट्याच्या आधी त्यांच्या जिभेला कळायचं, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगत. अर्धं शहर त्यांच्या जिभेच्या भरवशावर पाणी प्यायलं होतं.

आणि त्या जिभेला मी...

ताप तसा साधाच होता. आठवडाभर अंथरुणात काढून ती उठली, अंगात ताकद आली, केसही गळायचे थांबले, फक्त एक गोष्ट परत आली नाही. शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत असताना ओट्यावर दूध करपून कोळसा झालं, आणि नवरा अंघोळीतून ओला तसाच धावत आला तेव्हा तिला समजलं. तिनं सांगितलं, डोळा लागला होता. पहिलं खोटं. मग एक दिवस भाजीत दोनदा मीठ पडलं. नवरा पाणी पीत राहिला, सासऱ्यांनी घास तोंडात बराच वेळ घोळवला, आणि ती त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून आपला स्वयंपाक वाचत बसली — परीक्षेत दुसऱ्याच्या वहीत डोकावावं तशी. त्यानंतर ती भीतीनं मीठच कमी घालू लागली. मग ती कामाला जायची त्या दुकानातल्या कुणीतरी अशी मोजून भरलेली खोकी पाठवणाऱ्या कंपनीचं नाव सांगितलं, पहिलं खोकं अर्ध्या किमतीत आलं, आणि कार्डावर तिनं वाचलं : मीठ, एक पुडी. चवीपुरतं नाही. एक पुडी. ओट्याला टेकून ती रडली होती.

त्या पुड्यांतून कुणा परक्याची चव घरात आली. चुकत नव्हती, पण लागतही नव्हती. नवऱ्याचं चालून गेलं, तो फोन बघत जेवणारा माणूस. सासरे मात्र ताटात टाकू लागले. एकदा ते हळूच म्हणाले, "आज काही लागतच नाही गं. तुझ्या हातचं असून." हातात पळी धरून ती उभी होती. त्या क्षणी सांगता आलं असतं. एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. आणि ती म्हणाली, "वयानं होतं बाबा असं."

वयानं होतं. अगदी मायेनं म्हणाली. त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून ते स्वतःवर संशय घेऊ लागले.

ती ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटर सांभाळायची तिथं सकाळी गर्दी नसते. मागे इस्त्रीवाल्याची वाफ फुसफुसत होती, हँगरांवर प्लास्टिकात गुंडाळलेले कोट माणसांसारखे रांगेत उभे होते. एक बाई आली, कालच नवऱ्याचा धुतलेला कोट घेऊन गेलेली, आणि तिनं तोच कोट परत काउंटरवर टाकला. "सिगारेटचा वास गेलाय का हो नीट? मला वाटतं अजून येतोय. तुम्ही बघा बरं."

तिनं कोट उचलला, कॉलरमध्ये नाक खुपसलं, डोळे मिटले, श्वास घेतला. लोकर गालाला टोचली. बस्स. तिला काय सांगायचं? येतोय म्हणावं तर इस्त्रीवाल्यावर ठपका, नाही म्हणावं तर...

"नाही येत," ती म्हणाली. "तुम्हाला तसं वाटतंय. सवयीनं वाटतं."

बाई ओशाळली. "असेल," म्हणाली, "माझंच मेलं नाक जास्त तिखट." आणि कोट घेऊन गेली. ती दाराकडे बघत राहिली. किती सहज जमतं हे मला! समोरच्याच्या हातात त्याचंच नाक, त्याचीच जीभ सदोष म्हणून परत द्यायची, आणि वर समजूत घालायची.

तेवढ्यात धाकट्या जावेचा फोन. ती वेगळी राहायची, आणि तिच्या बोलण्याला पूर्णविराम नसायचा.

"ताई, एक विचारायचं होतं, ते तुमचं खोकं, परवडतं का गं ते? म्हणजे खरंच उपयोग आहे का? मी पण चालू करावं म्हणते, पण हे म्हणतात पैसे उडवायचे धंदे."

"परवडतं की," ती म्हणाली, आणि तोंडातून वाक्यं घरंगळू लागली. भाजी सडत नाही, उरत नाही, बाजारात जायचा वेळ वाचतो, रोज काय करायचं ही कटकट नाही. सगळं खरं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि सगळं मिळून शुद्ध थाप होती.

"पण तुला कशाला गं लागतं?" जाऊ म्हणाली. "आमच्यासारख्या अडाण्यांसाठी असतं ते. तुझ्या नुसत्या हाताला चव आहे. बाबा तर परवा मला म्हणाले, मोठीच्या हातचं आता मला कळत नाही, म्हणजे माझंच संपलं म्हणायचं. रडवेले झाले होते गं. आज नेणार आहेत ना डॉक्टरांकडे?"

"हो, नेणार आहेत," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं पावतीपुस्तकाची पानं उगाच चाळली. मागून इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, बरं नाही का? घरी जा वाटलं तर." तिनं नकारार्थी मान हलवली. घरीच तर जायचं नव्हतं.

संध्याकाळी ती सूप करत होती. भोपळ्याच्या फोडी शिजल्या, घोटल्या, मिरी पडली. कार्ड समोर होतं, पण कान जिन्याकडे. काय सांगतील डॉक्टर? काही निघालं तर? त्याहून वाईट म्हणजे काहीच निघालं नाही तर? कुलूप वाजलं आणि तिची पळी भांड्याला आपटली.

"काही नाही," नवरा बूट काढत म्हणाला. "जीभ बघितली, रक्त घेतलं. म्हणाले वय झालंय, गोळ्या देतो. शक्तीच्या."

सासरे खुर्चीत बसले. एरवी ते ताठ बसायचे. आज कोट अंगावर तसाच ठेवून बसले, पाहुण्यासारखे.

"सूनबाई, मला थोडंच वाढ," ते म्हणाले. "आणि एक सांगायचं होतं. ते महागाचं खोकं तू माझ्यासाठी मागवतेस, कळतं मला. म्हाताऱ्याला निदान नवंनवं काही तरी लागेल, म्हणून. बोललो नाही कधी, पण कळतं. आता नको मागवू. गळक्या पिंपात कितीही ओतलं तरी काय उपयोग? पैसे वाया जातात."

तिला वाटलं, आपण इथल्या इथे उभ्या उभ्या आटून जाऊ. त्यांनी तिच्या लपवाछपवीला माया समजून इतके दिवस जपून ठेवलं होतं. तिनं वाटीत सूप ओतलं, त्यांच्यासमोर ठेवलं. थोडं टेबलावर सांडलं, ते पदरानं पुसलं.

त्यांनी चमचा तोंडात घातला. घोट गिळला नाही, धरून ठेवला, जुन्या सवयीनं. मग गिळला. पुन्हा एक घेतला. चेहरा कसनुसा झाला.

"बघ," ते नवऱ्याला म्हणाले, आवाज अगदी बारीक. "आता तर मीठसुद्धा लागेना."

नवऱ्यानं स्वतःचा चमचा भरला, तोंडात घातला, थांबला. "अहो बाबा, मीठ नाहीच आहे यात!"

"नाही?"

"अजिबात नाही. अळणी आहे, ठार अळणी."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. आधी डोळे, मग गाल, मग ते चक्क टेबलावर थाप मारून हसले. "अरे, हिनं माझी परीक्षा घेतली! डॉक्टरला जे जमलं नाही ते हिनं केलं. मुद्दाम नाही घातलं मीठ, मला कळतं की नाही बघायला! कळलं की नाही? कळलं! काय डोकं आहे पोरीचं!"

नवराही हसत होता. कितीतरी दिवसांनी त्यानं तिच्याकडे अशा कौतुकानं पाहिलं. हे घे, तिच्या मनातलं कुणीतरी म्हणालं. आयतं मिळालंय, हसून मान खाली घाल, उद्यापासून सगळं ठीक. त्यांना त्यांची जीभ परत मिळाली, तुझं नाव राहिलं. कुणाचं काय बिघडलं? तिनं मान खाली घातलीसुद्धा. तिच्या ओठांवर हसू आलंसुद्धा, ते तिला स्वतःला जाणवलं, आणि त्या हसण्याची तिला अशी काही किळस आली...

"परीक्षा नव्हती, बाबा," ती म्हणाली. "मी विसरले."

"असेना का!"

"नाही. मी विसरले, आणि चाखूनही मला कळलं नाही. मला काहीच कळत नाही. वास नाही, चव नाही."

नवऱ्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे?" तो म्हणाला. सासऱ्यांनी त्याला हातानं थांबवलं. कोट अंगावर तसाच होता, पण आता ते ताठ बसले होते. पाण्याच्या टाकीवर कुणी धावत येऊन काही बिघडल्याचं सांगितलं की विचारत असतील, तशा आवाजात, न रागावता, न घाबरता, त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

एवढं एकच. आणि यालाच ती इतके महिने भीत होती. वास गेला हे सांगणं त्यामानानं सोपं होतं. ते आजारपण, त्यावर दया येते. पण कधीपासून, हे सांगितलं की ते मागे मागे जाणार, एकेक ताट आठवणार, आणि शेवटी त्या संध्याकाळपाशी पोहोचणार, जिथं ती पळी घेऊन उभी होती आणि मायेनं म्हणाली होती, वयानं होतं बाबा असं...

"तापापासून," ती म्हणाली.

सासऱ्यांची नजर तिच्यावरून सुटून कुठेतरी मागे गेली. ओठ किंचित हलत होते. ते आठवत होते. सूप निवत होतं. तिला वाटलं होतं पाय पळायला बघतील, डोळे भरून येतील, निदान काहीतरी सबब तोंडावर येईल. तसलं काहीच झालं नाही. ती टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी राहिली, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, आणि तिच्या मनात फक्त एक घाई होती, स्वतःलाच अनोळखी वाटणारी — आठवा बाबा, लवकर आठवा, तिथपर्यंत या एकदा.