तापमापकाची तार

मित्रांनो, मी एक म्हातारा तापमापक आहे; पण आजारी माणसाच्या काखेत घुसणारा नव्हे हं! उत्तरेकडच्या बर्फाळ ओउलू शहरातल्या एका घरात बाल्कनीच्या दाराशेजारी मी भिंतीवर असतो. माझा वरचा आकडा घरातली ऊब सांगतो आणि खालचा बाहेरची थंडी. त्यासाठी माझी लांब तार खिडकीच्या फटीतून बाहेर सोडलेली असे. घरातल्या आउनेबाई मला विचारल्याशिवाय कोट निवडत नसत. फार मान होता मला! पुढे त्यांच्या मुलांना थंडीचे आकडे फोनवर दिसू लागले आणि मी धूळ खात पडलो. आउनेबाई तेवढ्या बदलल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांची लेक इन्का परीक्षेसाठी संगणकावर हलत्या चित्रांचा, म्हणजे ॲनिमेशनचा, सिनेमा करत होती. सोमवारी तो दिला नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं आणि संगणक तर रेंगाळत एकेक चित्र काढत होता. मग तिचा भाऊ टार्मो मदतीला आला. त्याने संगणकाचा प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवला. असा पळवला की तो तापतो. म्हणून त्याने प्रोसेसरवर तांब्याची पोकळ डबी बसवली, पंपाने तिच्यातून पाणी फिरवलं आणि ते गार करणारा रेडिएटर थेट बाल्कनीत ठेवला. पाणी गोठू नये म्हणून मोटारीत घालतात ते द्रावणही त्यात मिसळलं. शेवटी माझी बाहेरची तार आत ओढून डबीला चिकटवली.

माझा खालचा आकडा घसरत तीनवर आला.

"तीन अंश! अख्ख्या गावात इतका गार प्रोसेसर कुणाचा नसेल!" टार्मो ओरडला.

"नाच नंतर, आधी टेबल सोड. हलतंय ते," इन्का म्हणाली.

खरं सांगतो, मीही फुगलो होतो. इतक्या वर्षांनी सगळे माझ्याकडे पाहत होते ना!

पण तो शनिवार होता आणि शनिवारी घरातली सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, पेटणार म्हणजे पेटणारच. तापल्या दगडांवर पाणी पडलं आणि तिच्या उघड्या दारातून वाफ खोलीभर पसरली. गार डबीवर थेंब जमू लागले. माझ्या तारेचं टोक ओलं झालं. एक थेंब तर खालच्या विजेच्या पट्टीकडे निघाला. मी घाबरून गेलो, पण मला तोंड कुठे आहे?

एवढ्यात लालबुंद आउनेबाई टॉवेल गुंडाळून आल्या. सौनातून निघून बाल्कनीत गार व्हायचं, ही त्यांची सवय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"फक्त तीन? अगं बाई, आज तर वसंतच आला!" असं म्हणत त्या अनवाणीच बाहेर गेल्या.

बाहेर उणे बावीस होतं.

"मेले, मेले!" करत त्या उलट्या पावली आत आल्या. "हा मेला खोटं बोलायला लागला!" रागाने त्यांनी माझी तार धरली आणि ती जाते कुठे ते पाहत डबीपर्यंत पोचल्या. "इन्का, तुझ्या यंत्राला घाम फुटलाय गं!"

"गळतंय! बंद कर!" टार्मो किंचाळला.

"आता बंद केलं तर सोमवार गेला!" इन्काने ती डबी पुसली. पुसल्या जागी पुन्हा दव धरलं. "गळत नाहीये, दादा. सौनाची वाफ आहे. दार लाव आणि तो रेडिएटर आत आण!"

टार्मोने रेडिएटर आत ओढला. इन्काने प्रोसेसरचा वेगही थोडा उतरवला. दहा, पंधरा, वीस... माझा खालचा आकडा वरच्याच्याही पुढे गेला आणि डबी कोरडी झाली. आकडा चढताना पाहून कुणाला इतकं हायसं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शेवटचं चित्र निघालं. इन्काने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडता रडता हसली.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरंच वाटेल. पण माझ्या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी माझी तार कुठवर गेली आहे, तेवढं पाहत जा. मी खोटं बोलत नाही. माझं टोक जिथे ठेवाल, तिथलंच खरं सांगतो.