दगडाची खालची बाजू

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि दोन हाडांमधली जागा बोटाने दाखवली. जागा नव्हतीच. "सपाट जमिनीवर हवं तेवढं चाला," ते म्हणाले. "खडकांवर मात्र आता नाही."

माझे खडक म्हणजे सातवीची सहल. दरवर्षी ओहोटीची वेळ बघून मी मुलांना किनाऱ्यावर नेते. पाणी मागे सरलं की खडकांत डबकी उरतात आणि डबक्यांत दगड. एक दगड उचलायचा, खाली कोण राहतं ते बघायचं आणि तो होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवायचा. एवढीच सहल. दगड उलटा राहिला तर खालची मंडळी उन्हाने मरतात, म्हणून परत ठेवण्यावर माझा कटाक्ष. मुलं माझ्यामागे मला 'दगडबाई' म्हणतात.

"तुम्ही नाही तर सहल नाही," आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई म्हणाल्या. "निसरडे खडक आणि ही टोळधाड! त्यापेक्षा हे बघा." त्यांनी टेबलावर खोकं ठेवलं. आत डोळे पूर्ण झाकणारे चष्मे होते. घातले की वर्गात बसल्या बसल्या समुद्र.

"एवढा जवळ समुद्र असताना? हातच्या कांकणाला..."

"आरसा कशाला, माहीत आहे. पण तुमचा हात आता तिथवर पोचत नाही ना?"



दुपारी प्रयोगशाळेत संगणकाच्या सरांनी चष्मा माझ्या डोक्यावर बसवला. मुलं भिंतीला लागून उभी होती. आधी अंधार, मग हळूहळू उजाडलं. मी खडकावर उभी होते. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. लाटा येत होत्या आणि माझ्यापर्यंत पोचण्याआधी विरून जात होत्या. खाली पाहिलं तर मला पायच नव्हते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गुडघा दुखला नाही, कारण गुडघाच नव्हता.

मी चालू लागले. डबक्याच्या तळाशी उजेडाची जाळी हलत होती. पाणी असं हलतं तेव्हा तळावर अशाच रेषा पडतात. ज्यांनी हे बनवलं त्यांनी पाण्याकडे नीट पाहिलं होतं. एक समुद्रफूल उमललेलं होतं, त्याच्या पाकळ्यांसारख्या बोटांमधून मासोळी जात होती. मला वाटलं, इथेच राहावं. मधली सुट्टी होऊ नये.

"बाई, कपाट!" कुठूनतरी आवाज आला. ती भिंगरी होती. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिचं नाव तसं पडलंय.

"कपाट तिकडे," मी म्हटलं. "इकडे समुद्र आहे."

मुलं खदखदून हसली. मी डबक्यातल्या दगडाला हात घातला. हात आरपार गेला. पुन्हा घातला, पुन्हा आरपार. मग मी खाली वाकले, आणखी वाकले, आणि माझं डोकं दगडात शिरलं. आत काही नव्हतं. माती नाही, पाणी नाही, खेकडा नाही. राखाडी, रिकामं, आवाज नसलेलं. दगडाला वरची बाजू होती, खालची कुणी दिलीच नव्हती.

"सर, दगडाखाली काय आहे?"

"काही नाही, बाई. तिथं कोण बघायला जातंय?"

चष्मा काढला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या फरशीवर उकिडवी बसले होते आणि उठता येत नव्हतं. भिंगरीने एक हात धरला, सरांनी दुसरा.

"बाई, तुम्ही हवेत काहीतरी परत ठेवलंत," भिंगरी म्हणाली. "हळूच. असं." तिने करून दाखवलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी तशीच लंगडत मोठ्या बाईंकडे गेले. "मुलं खडकांवर जातील," मी म्हटलं. "सर आणि खेळाच्या बाई सोबत. सरांकडे चहूकडे एकदम पाहणारा गोल कॅमेरा आहे. मी इथे चष्मा लावून बसेन, तो पाहील ते पाहीन आणि त्याच्यातूनच मुलांशी बोलेन. मुलांना चष्म्याची गरज नाही, मला आहे."

"आणि काही झालं तर?"

"एक जरी दगड उलटा राहिला, तर सहल मी स्वतः बंद करीन."

"तुमच्यापेक्षा तुमचा दगड हट्टी आहे," त्या म्हणाल्या, आणि हो म्हणाल्या.

सहलीच्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी होती. मी खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि किनारा आला. या वेळी थोडा वाकडा, थोडा थरथरता, कारण कॅमेरा सरांच्या हातात होता आणि सर खेकड्यांना भीत होते.

"सर, तो तुम्हाला खाणार नाहीये, त्याची आत्ताच न्याहारी झालीय," भिंगरी सांगत होती. मग एकदम जवळून, "बाई, हा उचलू?"

"दोन्ही हातांनी. समुद्राकडची कड आधी."

दगड वर आला. खालची बाजू ओली, काळी, जिवंत होती. तिला चिकटलेली पिवळी अंडी, मोहरीहून बारीक. एक खेकडा घाईने दुसऱ्या फटीत गेला. एक तारामासा आपला एक हात कुठे ठेवावा या विचारात पडला होता. मुलं वाकून बघू लागली. सरही. चष्म्यात माझा श्वास मला ऐकू येत होता.

आणि चित्र गोठलं. आवाजही गेला. दगड हवेत, अंडी उन्हात, भिंगरीची बोटं कडेवर, सगळं जसंच्या तसं थांबलेलं. मी ओरडले, "ठेव! त्याच अंगावर!" रिकाम्या प्रयोगशाळेत ते माझं मलाच ऐकू आलं. गोठलेल्या उजेडात मी दोन्ही हात पुढे धरून बसून राहिले, जणू तो दगड माझ्या तळव्यांवर आहे आणि मी जरा हलले तर पडेल.

मग पाणी हललं. तळावरची उजेडाची जाळी पुन्हा सुरू झाली. दगड आपल्या जागी होता, शेवाळाची बाजू वर, त्याच्या कडेने भोवतीची वाळू नीट लोटलेली. भिंगरी ओले हात फ्रॉकला पुसत होती.

"केव्हाच ठेवला, बाई. तुम्ही मध्येच गेलात." तिने कॅमेऱ्यात डोकावलं. तिचं नाक फार मोठं दिसलं. "ओरडत होतात ना?"

"थोडंसं."

"मला वाटलंच. आता पुढचा कुठला उचलू?"

मी हात मांडीवर घेतले. दोन्ही तळवे थंड पडले होते.

"तूच निवड," मी म्हटलं.