गिअरबॉक्समधलं दीडशे मिली

बाबांच्या गाडीने धूर ओकायला सुरुवात केली, त्या दिवशीच मी कारण सांगितलं होतं. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडतंय. टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलातच मिसळायचं, आणि बाबा ते हल्ली अंदाजाने ओततात. एकाहत्तराव्या वर्षी अंदाज तो किती खरा! बाबांनी ऐकून घेतलं, "बघू" म्हणाले आणि माझ्यासमोरच टिचकीला फोन लावला.

टिचकी म्हणजे माझी धाकटी बहीण. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत बसते, पांढरा कोट घालते. बाबांचं गॅरेज मी चालवतो, एकोणीस वर्षं झाली. पण बाबांच्या या जुन्या, मातीत उडवायच्या मोटरसायकलला जरा शिंक आली की फोन तिला. मी बाबांना अहो-जाहो करतो, ती अरे-तुरे करते आणि बाबांना तेच गोड वाटतं. मला तिचा हेवा वाटतो. लपवून काय करू, माझ्या बायकोपासून ते पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

या वेळी हेव्याला कारणही होतं. रविवारी खाणीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची फेरी होती आणि बाबा शेवटचं म्हणून त्यात उतरणार होते. सुरुवातीच्या रेषेवर चालकाबरोबर एकच माणूस सोडतात, गाडी धरायला. बाबांनी जेवताना जाहीर करून टाकलं, "धूर ज्याने घालवला, तो माझ्याबरोबर उभा राहणार." बायको हसली.

शनिवारी सकाळी टिचकी आली. पाना नाही, काही नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"बाबा, हे पेट्रोलातलं ऑइल नाही रे. वास बघ. गिअरबॉक्सचं आहे."

"गिअरबॉक्सचं ऑइल सायलेन्सरमधून कसं येईल?" मी विचारलं. कसं येतं ते मला चांगलं माहीत होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक रबरी सील असतं. ते कडक झालं की इंजिन पलीकडचं ऑइल ओढून घेतं आणि जाळत बसतं. आणि खरं सांगायचं तर ती बोलेपर्यंत मला ते सुचलंच नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली ती याचमुळे.

"मोजू या ना," टिचकी म्हणाली. "नवीन ऑइल मोजून घालते. साडेसहाशे मिली. दादा, तू अर्धा तास पळवून आण. परत काढून मोजू. तेवढंच निघालं तर तुझं खरं, कमी निघालं तर सील गेलं."

बाबांनी मान डोलावली. अशी मान त्यांनी माझ्या बोलण्यावर डोलावलेली मला आठवत नाही.

मी गाडी पळवून आणली. मागे धुराचा पडदा. इंजिन निवेपर्यंत ती दोघं आत जेवायला बसली. आतून बाबांच्या हसण्याचा आवाज येत होता. काय बोलत होती कोण जाणे, पण बाबा खोकला लागेपर्यंत हसत होते.

मी म्हटलं, आधी आपण तर बघू. तिला तोंडावर पाडायचं होतं, दुसरं काही नाही. स्वच्छ तसराळं घेतलं, गिअरबॉक्सचा बोल्ट काढला, ऑइल निथळून घेतलं आणि तिच्याच काचेच्या मापात ओतलं.

पाचशे दहा.

अर्ध्या तासात एकशे चाळीस मिली इंजिनने पिऊन टाकलं होतं. ती बरोबर होती. वासावरून, एका बोटावर!

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणवत नाही, पण हात मात्र सराईतासारखे चालले. पाचशे दहा परत आत ओतलं. मग डब्यातून एकशे चाळीस मोजलं आणि वर दहा घातलं. आमच्या गॅरेजची ती पद्धतच आहे, बाबांनी घालून दिलेली: भांड्याला चिकटतं म्हणून कोणतंही ऑइल मापापेक्षा दहा मिली जास्तच ओतायचं. चोरी करतानाही मी बाबांची शिस्त मोडली नाही. माप पुसून जागेवर ठेवलं.

जेवण करून टिचकी आली, ऑइल काढलं, माप उजेडाला धरलं. बराच वेळ धरलं. मी वाकून पाहिलं. सहाशे पंचावन्न.

घातलं त्यापेक्षा पाच जास्त! गाडी ऑइल पिते, गाळते. विते असं अजून कुणी पाहिलेलं नाही. टिचकीने मापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे कान गरम झाले.

"किती गं?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"कमी नाही भरलं," ती सावकाश म्हणाली.

"म्हणजे दादाचं खरं. चला, पेट्रोलातलं ऑइल कमी करा. मी एक चक्कर मारून बघतो." बाबा उठून हेल्मेट शोधायला लागले.

ऑइल परत ओतण्याच्या निमित्ताने ती माझ्याजवळ वाकली. "गिअरबॉक्स कोरडा पडून मागचं चाक जाम झालं तर बाबा किती लांब फेकला जाईल, ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. सांगायचं तर तू सांग. पण त्याने किक मारायच्या आत. नाहीतर मी सांगणार."

तिने ओरडायला हवं होतं. चारचौघांत माझं माप काढलं असतं तर मीही भांडलो असतो. हा समजूतदारपणा मला जास्त झोंबला.

बाबा गाडीवर बसले. हेल्मेटचा पट्टा त्यांना लागेना. टिचकी तो लावायला पुढे गेली नाही, माझ्याकडे बघत उभी राहिली. बाबांनी किकवर पाय ठेवला.

मी पुढे होऊन हँडल धरलं. "उतरा बाबा. सीलच गेलंय."

"आता तर मोजलं ना?"

"तुम्ही जेवत होतात तेव्हा मी आधी मोजलं होतं. एकशे चाळीस कमी होतं. मी वरून भरलं. दीडशे."

बाबा उतरले नाहीत. हेल्मेटच्या आतूनच म्हणाले, "म्हणजे दोष तुझ्याही हाताला लागला होता. मग सांगितलास का नाही?"

"तिने आधी सांगितला होता."

एवढंच माझ्या तोंडून आलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी शोभत नाही, पण खरं उत्तर तेच होतं. बाबांनी हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. चिडले नाहीत. एकदम थकल्यासारखे दिसले.

"सील तू बदल," ते म्हणाले. "हात तुझाच चांगला आहे. उद्या रेषेवर टिचकी उभी राहील."

ते आत गेले. मी गाडी आडवी केली, कपाटातून नवं सील काढलं आणि ते ज्याच्या मागे बसतं त्या क्लचच्या झाकणापाशी बसलो. टिचकीही घरी न जाता समोर स्टूल ओढून बसली. मला वाटलं, आता काहीतरी समजुतीचं बोलेल, मग मी तिला हाकलून देईन. तिने झाकणाचे बोल्ट बघितले, पान्यांच्या पेटीत हात घातला.

"दादा, आठचा देऊ?"

मला आठचाच हवा होता. "दहाचा दे," मी म्हणालो. तिने दहाचा दिला. तो काही बसला नाही.